चूलबंद आवतण आणि एस-मॅट्रिक्स

खानदेशात जाऊन आले म्हटलं की आमच्या रत्नागिरीत पहिला प्रश्न येतो, अजिंठा पाहिलंत का? नाही पाहिलं. दुसरा प्रश्न, केळी आणलीत का? आणली होती, घाटात चेपली. मग गेली होतीस कशाला, असं तोंडावर कुणी विचारत नाही, पण चेहऱ्यावर लिहिलेलं दिसतं. तर मी गेले होते एका बेरजेसाठी. ती एक यायला हवी होती आणि येत नव्हती.

नलिनी माझी एम.एस्सी.ची मैत्रीण. पुण्याच्या हॉस्टेलात आम्ही एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर चहा केला आणि एकाच पुस्तकावर दोघी झोपलो. पुढे ती लग्न होऊन जळगावला गेली, तिथल्या कॉलेजात शिकवायला लागली, आणि मी आमच्या गावी तेच करायला लागले. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. डिसेंबरात तिचं कार्ड आलं. त्यावर एवढंच होतं: ‘बेरीज एक येत नाही. ये.’ मी रजा टाकली. घरचे म्हणाले, डोकं फिरलंय. फिरलं होतंच.

जळगाव

स्टेशनवर नलिनीने माझी पिशवी हातात घेतली आणि घरी पोचेपर्यंत सगळं सांगून टाकलं. चार वर्षं ती पीएच.डी.चं काम करत होती. धुळ्याच्या तिच्या सरांनी निक्षून सांगितलं होतं की सोमवारी विभागासमोर बोला. बेरीज जुळली तर प्रबंध पुढे, नाही तर दुसरा विषय घ्या.

‘‘आणि दुसरा विषय मी घेणार नाही, सुमे,’’ ती म्हणाली. ‘‘सोडून देईन. घरी कुणी काही बोलत नाही, पण मलाच आता लाज वाटते. मिस्टर नाशिकला नोकरीत, सासूबाई एकट्या भडगावला, आणि मी इथे न दिसणाऱ्या कणांच्या मागे.’’

आता हे कण काय प्रकरण आहे ते सांगते. घाबरू नका, मीही तेव्हा अर्धंच समजून होते.

समजा लांबून दोन कण येताहेत. लांब आहेत तोवर एकमेकांशी त्यांचं काही देणंघेणं नाही. जवळ आले की काहीतरी होतं, आणि मग जे उरेल ते पुन्हा लांब निघून जातं. मधल्या गडबडीत नेमकं काय झालं ते कुणालाच बघता येत नाही. बघता येतं ते इतकंच की आलं काय आणि गेलं काय. म्हणून एक मोठं कोष्टक मांडतात: असे आले, तर तसे जाण्याची शक्यता किती. मराठीत त्याला प्रकीर्णन सारणी म्हणतात, आम्ही आपलं एस-मॅट्रिक्स म्हणतो. प्रवासवर्णनाच्या अगदी उलटा कारभार. प्रवासवर्णनात मधलंच सांगायचं असतं, जाणं-येणं कुणाला नको असतं.

या कोष्टकाला एकच अट आहे. आलेले कण काही ना काही होऊन बाहेर पडणारच. तेव्हा सगळ्या शक्यतांची बेरीज बरोबर एक यायला हवी. कमी आली तर कण हरवले, जास्त आली तर हवेतून पैदा झाले. नलिनीची बेरीज एकाहून किंचित जास्त येत होती.

दोन दिवस आम्ही तिच्या स्वयंपाकघरात जमिनीवर कागद पसरून बसलो. मला पक्की खात्री होती की कुठेतरी दोनाने गुणायचं राहिलंय. आपल्या धंद्यात निम्म्या चुका त्याच असतात. नव्हतं राहिलं. मग वर्तुळातला तो पाय, बावीस सप्तमांश, राहिला असेल म्हटलं. तोही जागच्या जागी होता. दुपारी ती शेवभाजी करायची, वर लाल तर्री अशी की माझ्या कोकणी जिभेने पहिल्या घासाला हात टेकले. ‘‘फिक्कीच केलीय तुझ्यासाठी,’’ ती गंभीरपणे म्हणाली. मी डोळे पुसत गुणाकार तपासत होते.

दुसऱ्या दिवशी आमचं भांडणही झालं. मी म्हटलं, जास्त येतंय ते अगदी थोडं आहे, सरांना सांग अंदाजी गणित आहे. ती उसळली. ‘‘तुझ्या दुकानदाराने वजनात थोडंसंच मारलं तर तू गप्प बसतेस का?’’ खरं तर तिथेच मला तिचा अभिमान वाटला, पण सांगितलं नाही. शनिवारी तिला भडगावला जायचंच होतं. सासूबाईंच्या भाऊबंदांकडे दरवर्षीच्या भरिताच्या जेवणाचं बोलावणं होतं. तिथूनच सोमवारी धुळं गाठायचं ठरलं.

भडगाव

रस्त्यात दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. कापसाच्या गाड्या इतक्या ठासून भरलेल्या की कडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकून राहिले होते. आमच्याकडे माती तांबडी, इथे काळीभोर. आमच्याकडे चार पावलांवर चढ, इथे नजर जाईल तिथे सपाट, आणि मधेच केळीची हिरवीगार बाग. मी खिडकीतून नलिनीला सारखी काहीबाही दाखवत होते. ती डोळे मिटून बेरीज करत होती.

तिच्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात. बारीक, ताठ, आवाज खणखणीत. माझ्याकडे पाहून त्यांनी पहिलं वाक्य काढलं, ‘‘हाई पोर इतली वाळेल काब्बर शे?’’ इतकी वाळलेली का, असा त्याचा अर्थ. नलिनीने सांगितलं, कोकणातली आहे अक्का, तिकडे भात खातात. त्यावर अक्कांनी अशी मान हलवली की सगळा उलगडा झाला.

त्या रात्री जेवताना अक्कांच्या चुलतदिरांचा, नानांचा विषय निघाला. नानांच्या मळ्यात उद्या भरीत होतं आणि साऱ्या गल्लीला चूलबंद आवतण होतं. शब्द कानावर पडला, मी मान डोलावली, आणि अर्थ विचारायचा राहून गेला. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

पहाटे मला जाग आली. मनात आलं, दोन दिवस नलिनीचं खाल्लं, काल रात्री तिच्या सासूचं, आपणही काही करावं. मी येताना घरचा उकडा तांदूळ आणला होता. पेज करावी, सगळ्यांना सकाळी गरमागरम द्यावी. अक्का मागच्या दारी गेल्या होत्या, नलिनी अंघोळीला. मी चूल पेटवली, मोठं पातेलं चढवलं आणि आमच्याकडे घालतात तसं बचकभर मीठ घातलं. मोठ्या खुशीत होते.

पेज रटरटायला लागली तशी अक्का आत आल्या आणि दारातच थबकल्या.

‘‘हाई काय करी राह्यनी तू?’’

‘‘पेज, अक्का. सगळ्यांना.’’

‘‘आज आपली चूल पेटाडानी नही व माय. चूलबंद आवतन शे.’’

तोवर नलिनी केस पुसत धावत आली. तिने मला अर्थ सांगितला. चूलबंद म्हणजे नुसतं जेवायला या असं नव्हे. घरातलं लहान-थोर, पाहुणारावळा, सगळे आमच्याकडे जेवतील. तुमच्या घरी त्या दिवशी चूलच पेटायची नाही. ज्याने पेटवली त्याने आवतण धुडकावलं. आमच्याकडे घरटी एक माणूस जेवून आला तरी रीत पार पडते, म्हणून माझ्या डोक्यात हे येणंच शक्य नव्हतं.

मी बाहेर जाऊन वर पाहिलं. सकाळची वेळ, सगळी गल्ली जागी, आणि एकाही घरातून धूर नाही. फक्त आमच्या कौलांतून एक जाडजूड धूर सरळ वर चालला होता. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोक ओट्यांवर उभे राहून त्याच्याकडे बघत होते. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

आणि नाना आले. उंच, पांढरी टोपी, चेहरा पडलेला. ते उंबऱ्याबाहेरच थांबले. ‘‘आमनं काय चुकनं व वैनी?’’

अक्कांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. भाऊबंदांतलं काही जुनं असावं, कारण नलिनीचाही रंग उतरला. तीच पुढे झाली. ‘‘नाना, तिले माहीत नव्हतं. पाहुनी शे, कोकणनी.’’ मीही हात जोडले आणि माझ्या मराठीत म्हटलं, चूक माझी आहे, अक्कांची नाही.

नानांनी माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. आत येऊन वाकून वास घेतला. ‘‘मंग हाई पातेलं बी मळामां लई या,’’ ते म्हणाले, आणि त्यांच्या मिशा हलल्या. अक्कांनी लाकडं ओढून चुलीवर पाणी मारलं. ‘‘बठ्ठा तठे जेवतीन,’’ सगळेच तिथे जेवणार असं त्या मला समजावत होत्या, राग नव्हता आता, ‘‘मंग आठलं कोन खाई?’’

नानांचा मळा

भरीत म्हणजे आम्ही घरी एक वांगं गॅसवर भाजतो ते नव्हे. जळगावजवळच्या असोद्याहून मुद्दाम आणलेली हिरवी, हातभर वांगी. वाळलेल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या काड्यांचा, जाळ. त्यात वांग्यांची रास. साली काळ्या पडल्या की पुरुष मंडळी पटापट सोलतात, लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या नि लसणाबरोबर ठेचतात, वर कांद्याची पात, दाणे, कोथिंबीर. खायचं केळीच्या पानावर, कळण्याच्या भाकरीशी. ज्वारी नि उडदाची ती भाकरी, काळपट, खमंग. पहिल्या घासाला माझ्या नाकातून पाणी आलं, दुसऱ्याला डोळ्यांतून, आणि पाचव्यानंतर मी मोजणं सोडून दिलं. इतकं चविष्ट काही मी त्याआधी खाल्लं नव्हतं. हे आमच्या आईला सांगू नका.

माझी पेजही पंगतीत फिरली. सगळ्यांनी मान राखून वाटीभर घेतली. एक म्हातारे आबा म्हणाले, ‘‘चांगली शे. आजारी मानूसले चांगली शे.’’ सगळी पंगत हसली, नानाही हसले, अक्का तर पदर तोंडाला लावून. माझा जीव भांड्यात पडला.

जेवणं उरकली तरी पातेलं अर्धं उरलं होतं. नानांच्या घरच्या बायका आता याचं करायचं काय म्हणून त्याभोवती उभ्या. त्यांचा अंदाज पिढ्यान्‌पिढ्यांचा, कधी भाकरी उरत नाही की कमी पडत नाही, आणि आज उरलं.

नलिनी माझ्याशेजारी हात धुऊन बसली होती. ती सहज म्हणाली, ‘‘उरणारच ना. जेवले सगळे इथे आणि चूल तिथेही पेटलेली. जेवढे इथे जेवले तेवढं तिथलं कमी व्हायला हवं होतं.’’

मी म्हटलं, ‘‘हो, आता टोचू नकोस.’’

मी पाहिलं तर ती त्या पातेल्याकडे टक लावून बसली होती आणि तिचा ओला हात तसाच हवेत होता. मला वाटलं, मिरची लागली.

‘‘सुमे,’’ ती म्हणाली, ‘‘मी तिथली चूल विझवलीच नाहीये.’’

पुढचा तासभर मी आयुष्यात विसरणार नाही. पऱ्हाट्यांची थंड झालेली राख पसरून आम्ही दोघी तिच्यावर काडीने लिहीत होतो, आणि काही कळत नसूनही लोक न जाता बघत उभे होते.

गंमत अशी होती. आलेल्या कणांतले काही धडकून बाजूला जातात, आणि बरेचसे काहीच न होता सरळ निघून जातात. शक्यता काढायच्या आधी एक आकडा काढावा लागतो, त्याचा वर्ग केला की शक्यता. सरळ जाणाऱ्यांचा तो आकडा जवळजवळ एक. बाजूला जाणाऱ्यांचा लहानसा, आणि त्याचा वर्ग तर अगदीच लहान. नलिनीने बाजूचे सगळे चोख मोजले होते. ते होते नानांचे जेवणारे. पण सरळ जाणाऱ्यांचा एक तिने तसाच, भरलेला, ठेवून दिला होता. जितके बाजूला गेले तितके सरळ वाटेवरून कमी व्हायला हवे होते, आणि तिच्या कोष्टकात ते झालेच नव्हते. चूल इथेही आणि तिथेही.

‘‘पण कमी करणार कोण?’’ मी विचारलं. ‘‘मनाने वजा करून चालायचं नाही. गणितातून आलं पाहिजे.’’

ती राखेवर एक आकृती काढत होती. दोन कण येतात, धडकतात, थोडा वेळ वेगळे होऊन राहतात, पुन्हा धडकतात, आणि जसे आले होते अगदी तसेच मूळच्या वाटेने निघून जातात. ‘‘या आकृत्या मी काढल्या होत्या,’’ ती म्हणाली. ‘‘पहिल्याच वर्षी. आणि टाकून दिल्या. म्हटलं, जसे आले तसेच गेले, तर झालं काय? काहीच नाही. शिवाय उत्तर लहानाचा वर्ग, म्हणजे नगण्य.’’

आणि इथे मला दिसलं. शाळेत आपण ‘अ अधिक ब’चा वर्ग करतो तेव्हा मधली जोडी असते, दोन अ ब. निम्मी मुलं ती विसरतात, मी दरवर्षी त्यावर ओरडते. इथे अ म्हणजे तो एक. ब म्हणजे तिने टाकून दिलेली आकृती. एकट्या ब चा वर्ग नगण्य, कबूल. पण दोन अ ब मध्ये तो एकाचा हात धरून येतो, आणि ब मुळात लहानाचा वर्ग असल्यामुळे बाजूला गेलेल्यांच्या तोडीस तोड होतो.

‘‘चिन्ह बघ,’’ मी म्हटलं. ‘‘नलू, त्याचं चिन्ह बघ.’’

तिने राखेत ओळीखाली ओळ लिहिली. मधली जोडी उणे आली. बाजूला गेलेल्यांची बेरीज अधिक. दोन्ही अगदी सारख्या. तिने रेघ मारून दोन्ही खोडल्या, आणि खाली उरला एक. एकाशेजारी काही नाही.

मी ही ओळ पुस्तकात दहा वेळा वाचली होती. पहिल्यांदाच ती मला कळली. काही घडलं नाही असं आपण म्हणतो त्या वाटेवरसुद्धा, इतर ठिकाणी काय काय घडलं त्याची सगळी खूण पडलेली असते. सकाळी मी त्या बिनधुराच्या गल्लीत उभी होते. एका घराकडे बघूनही कळलं असतं की आज नानांकडे जेवण आहे. मी आपली माझ्याच धुराकडे बघत बसले.

नलिनी रडत होती. चुलतसासवा घाबरल्या. ‘‘काय व्हयनं व?’’ अक्का पुढे आल्या. नलिनी हसत रडत म्हणाली, ‘‘जमनं, अक्का. जमनं.’’ अक्कांनी राखेकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, बरं, हात धू.

धुळे

धुळं मला फार आवडलं. सरळसोट रस्ते, एकमेकांना काटकोनात, आणि गल्ल्यांना चक्क नंबर. गणितवाल्यांनी आखलेलं गाव असावं. पण त्या सकाळी बघायला वेळ कुठे होता? रविवारी संध्याकाळी आम्ही राखेवरचं कागदावर उतरवलं होतं, आणि बसमध्ये नलिनी एकच ओळ पुटपुटत होती.

विभागाची खोली लहान. सर पुढच्या बाकावर हाताची घडी घालून. मी मागे बसले होते. नलिनी पहिली पाच मिनिटं अडखळली. मग फळ्यावर तिने ती टाकून दिलेली आकृती काढली आणि तिचा आवाज बदलला. कालपर्यंत ती माफी मागितल्यासारखी बोलायची. आता कुणाला तरी घरचा रस्ता सांगावा तशी सांगत होती.

शेवटी सर म्हणाले, ‘‘या आकृत्या चार वर्षं नव्हत्या. आता कुठून आल्या?’’

‘‘होत्या सर. मी त्यांना मोजत नव्हते.’’

‘‘का?’’

‘‘त्यांत काही घडत नाही असं वाटलं होतं.’’

सर उठले, फळ्यापाशी गेले. खडूने स्वतः बेरीज केली. सावकाश, एकेक पद. मग त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, ‘‘प्रबंध टाइपिंगला द्या.’’ मी मागे बसून मोठ्याने ‘अगंबाई’ म्हटलं. सगळे वळून बघायला लागले. बघू देत.

पुन्हा भडगाव

परतताना अक्कांकडे जायचं होतंच, माझी पिशवी तिथे होती. बस उशिरा सुटली, मधे एकदा पंक्चर झाली, आणि आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला बाभळीचा कापूस वेचत हसत राहिलो. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. सांजचे स्वयंपाक सुरू होण्याची वेळ.

नलिनी एकदम थांबली. ‘‘सुमे, वर बघ.’’

एकाही घरातून धूर नव्हता. नानांच्या घरातूनही नाही. साऱ्या गल्लीत एकच धूर, अक्कांच्या कौलांतून, जाडजूड, सरळ वर जाणारा. काल सकाळसारखाच. मी म्हटलं, आता कुणी काय केलं.

ओट्यावर नाना बसले होते, टोपी काढून, घरच्यासारखे. आत चुलतसासवा भाकऱ्या थापत होत्या, आणि अक्का घामाघूम होऊन चुलीपुढे. त्यांनी सकाळी, आमची बस सुटताच, घरोघर जाऊन आवतण दिलं होतं. सुनेच्या नावाने. चूलबंद.

‘‘अक्का,’’ नलिनी म्हणाली, ‘‘पन सकाळले तर काहीच माहीत नव्हतं. नही जमतं तर?’’

अक्कांनी फुंकणी खाली ठेवली आणि सुनेकडे पाहिलं.

‘‘जमनं तरी बठ्ठा जेवतीन,’’ त्या म्हणाल्या, ‘‘नही जमनं तरी जेवतीन. तू चार वरीस त्या गणितले बशेल व्हतीस ना? हात धू, वाढाले लाग.’’

नलिनीने पिशवी टाकली, हात धुतले आणि वाढायला घेतलं. पहिलं पान तिने नानांना वाढलं. मी ते कालचं पातेलं उचलून न विचारता पाणी भरायला गेले, कारण त्या दिवशी त्या घरात मी पाहुणी नव्हते.